कॅमेर्‍याच्या डोक्यावरची खिडकी

रेंजफाइंडर कॅमेर्‍याच्या डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवलेला दिसला की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. 'हा फ्लॅश का?' हा पहिला. त्याला मी नुसता हसतो. दुसरा जाणकारांचा: 'एका खिडकीतून फोकस आणि दुसरीतून फ्रेम, हा द्राविडी प्राणायाम कशाला?' ही पोस्ट त्यांच्यासाठी.

आधी थोडं तांत्रिक (नातेवाईक मंडळींनी पुढचा परिच्छेद गाठला तरी चालेल). एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायचं शेजारच्या खिडकीतून. लेन्स बदलली तरी खिडकी तीच, फक्त आतली उजळ चौकट बदलते. १९५४च्या लायका एम३मध्ये सगळ्यात रुंद चौकट ५० मिमीची. एम२मध्ये ३५ आली. २८साठी एम४-पी उजाडावा लागला. २१ची चौकट तर फिल्मवाल्या एकाही लायका एममध्ये नाही. आणि ती २८ची चौकटसुद्धा इतकी काठाला टेकलेली, की आम्हा चष्मेवाल्यांना ती पूर्ण दिसतच नाही. शिवाय लेन्सचं नाक खालचा उजवा कोपरा खातं, ते वेगळंच.

आता रुंद लेन्सचा सगळा खेळ असतो कडांवर. मधे काय आहे ते कुणालाही दिसतं हो! कडा नीट दिसत नसतील तर २१ मिमी लावून उपयोग काय?

मावशीच्या गावच्या घराची पडवी जेमतेम सहा फूट रुंद. पावसाळा संपला की घर उतरवायचं ठरलंय, म्हणून मी रोल घेऊन गेलो होतो. छत्तीस फ्रेम्स, आणि फिल्मचे आजचे भाव बोलायला नकोत. मागे सरकायला जागा नाही. २१ची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८, फोकस अंदाजे दोन मीटरवर. एवढं केलं की साधारण एक मीटरपासून थेट अंगणाच्या टोकापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे फोकसच्या खिडकीचं काम तिथेच संपलं! मावशी तांदूळ निवडत होती. वरच्या फाइंडरमध्ये ती, खांब, सूप, सगळं लख्ख. चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत होतं, त्यामुळे डावीकडून नात धावत येताना आधीच दिसली. तिचा पाय उंबर्‍यावर पडला तेव्हा बटण दाबलं. आरसा नसल्यामुळे ऐन त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधारही नाही.

तोटे आहेतच. फाइंडर लेन्सच्या वर बसतो, त्यामुळे अगदी जवळच्या माणसाचं डोकं कापलं जाऊ शकतं. वर जरा जागा सोडायची. कॅमेरा किंचित झुकला तरी खांब एकमेकांवर कलतात. आणि ही एवढीशी वस्तू पिशवीत कधी निसटेल नेम नाही. (चांगला फाइंडर कधीकधी जुन्या कॅमेर्‍याच्या किमतीत जातो. घरी बोलू नका :-) )

म्हणून ३५पर्यंत मी आतल्या खिडकीवर समाधानी आहे. २८ला चष्मा असेल तर वेगळा फाइंडर घ्याच, आणि २१ला तर प्रश्नच नाही. प्लास्टिकचा जुना मिळाला तरी चालेल.

रोल धुवायला दिलाय. फोटो आले की इथे टाकतो. मावशीकडे नंतर बघा, आधी डावी कड बघा.