मशीन कपडे धुतं, घड्या कोण घालतं?

आमच्या केंद्रात महिन्यातून एकदा आम्ही एक चित्रपट दाखवतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. वस्तीतल्या बायका येतात, कॉलेजातली मुलंमुली येतात, कधी कुणाचा नवराही येऊन मागे बसतो. मागच्या खेपेला 'द ग्रेट इंडियन किचन' हा जिओ बेबी यांचा २०२१ सालचा मल्याळम चित्रपट दाखवला.

गोष्ट साधीच. लग्न होऊन आलेली एक शिकलेली मुलगी, शिक्षक नवरा, आणि ज्यांच्या तोंडून कधी मोठा आवाज निघत नाही असे सासरे. घरात कुकर आहे, मिक्सर आहे, धुण्याचं मशीनही आहे. पण सासऱ्यांना भात चुलीवरचाच लागतो, चटणी पाट्यावरचीच लागते, आणि त्यांचे कपडे मशीनमध्ये घातलेले चालत नाहीत. मोरीचा पाइप गळत असतो. प्लंबरला बोलवा म्हणून ती रोज नवऱ्याला सांगते, तो रोज विसरतो.

चित्रपट संपला आणि बोलायला सुरुवात केली ती मुलांनी. कॅमेरा चांगला आहे, संवाद कमी आहेत, पण तेच तेच दाखवलंय, फार एकतर्फी आहे. एकजण म्हणाला, "आता एवढी यंत्रं आली, बायकांना काम उरलंय कुठे?" यंत्रांचा विषय निघाला तशी गाडी नव्या मोबाइलवर गेली. कुठल्या कंपनीचा कॅमेरा सरस, कुठल्या पत्रकाराचं परीक्षण विकाऊ, यावर दोघा-तिघांची चांगलीच जुंपली. बायका गप्प. मीही गप्पच होते, हे इथे कबूल करते. मनात म्हणत होते, चालू द्या यांचं, हे आपले विषय नव्हेत.

मग घरकाम करणारी आमची एक ताई बोलली. "मी चार घरी जाते. चारही घरी मशीन आहे. कपडे मशीन धुतं. पण घालायचे कुणी, वाळत टाकायचे कुणी, घड्या कुणी घालायच्या? पूर्वी चादर आठवड्याला निघायची, आता मशीन आहे म्हणून दोन दिवसांनी निघते."

तिचं हे वाक्य म्हणजे त्या संध्याकाळी झालेलं एकमेव खरं यंत्र-परीक्षण होतं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार स्त्रीने १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हेच दाखवून दिलं होतं. घरात यंत्रं आली तशी अंगमेहनत कमी झाली. पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, घरातल्या इतरांची कामं सुटली आणि आईचे तास काही कमी झाले नाहीत. आपल्याकडची आकडेवारीही बोलकी आहे. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं.

मला प्रश्न पडतो तो असा. तंत्रज्ञान म्हणजे काय, हे कोण ठरवतं? वर्तमानपत्राचं तंत्रज्ञानाचं पान उघडा. मोबाइल, घड्याळ, गाडी. मिक्सर आणि कुकर भेटतात ते दिवाळीच्या सेलच्या जाहिरातीत, नाहीतर पाककृतींच्या पुरवणीत. खरं तर भारतीय मिक्सरची कहाणी कुठल्याही मोबाइलइतकीच रंजक आहे. १९६०च्या दशकात मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरातला परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणाने जळला. त्यातून त्यांनी जास्त ताकदीची मोटर बसवून 'सुमीत' तयार केला. मूळ तक्रार स्वयंपाकघरातली, म्हणजे यंत्र वापरणाऱ्या बाईची होती. ती ऐकली गेली म्हणून लाखो बायकांचे खांदे वाचले.

ऐकली गेली नाही तर काय होतं? ॲपल कंपनीने २०१४ साली मोबाइलवर आरोग्याची नोंद ठेवणारी सोय आणली. त्यात वजन, रक्तदाब, झोप सगळं होतं; मासिक पाळी नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. जगातल्या निम्म्या माणसांना महिन्याच्या महिन्याला जे भोगावं लागतं, ते पहिल्या खेपेला सुचलंच नाही.

चित्रपटांच्या चर्चेतही हेच. 'कबीर सिंग' २०१९ साली तुफान चालला. त्यातल्या थपडेवर बायकांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला सिनेमा कळत नाही, तुम्ही फार भावनिक होता. पडद्यावरची थप्पड प्रेम म्हणून खपते तेव्हा तिचे पडसाद आमच्या समुपदेशनाच्या खोलीत उमटतात. "प्रेम आहे म्हणूनच मारतो ना," हे वाक्य मी तिथे कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकलंय.

काही मैत्रिणी म्हणतील, हिंसा, रेशन, मजुरी हे प्रश्न असताना मोबाइल आणि सिनेमावर कसला वाद घालायचा? मीही तसंच मानत होते. पण आमच्याकडे येणाऱ्या बाईची हकिगत काढा. मारहाणीच्या आधी पुष्कळदा तिचा मोबाइल काढून घेतलेला असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. तंत्रज्ञानाच्या पानावर दहा हजारांचा मोबाइल चांगला की वीस हजारांचा याची चर्चा होते. तो घरात कुणाच्या हातात असतो, कुलूपशब्द कुणाला ठाऊक असतो, याची होत नाही.

म्हणून यापुढे मी गप्प बसणार नाही, तुम्हीही बसू नका. यंत्राचं परीक्षण वाचताना तीन गोष्टी विचारू या: हे चालवणार कोण, पुसून ठेवणार कोण, बिघडलं तर दुरुस्त करून आणण्याची जबाबदारी कुणाची? आणि चित्रपटाबद्दल बोलताना, तिथे राबताना दिसलेली बाई आपल्या ओळखीची आहे का, हे बेधडक सांगू या. त्यासाठी कॅमेऱ्याची परिभाषा यायला हवी असं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही केंद्रात बायकांनीच केलेलं मिक्सर, शेगडी आणि मोबाइलचं परीक्षण भिंतीवर लावणार आहोत. त्या ताईने मशीनबद्दल पहिला कागद लिहून दिलाय. तुमच्या गावात, तुमच्या गटात असं काही करून पाहा आणि कळवा. मुलांनाही बोलवा. फक्त त्या दिवशी पहिलं बोलणं त्यांचं नको, आणि चहाचे कप मात्र त्यांनीच विसळावेत.