कुत्रा भुंकतो व्हायोलावर

व्हिवाल्डीच्या ‘वसंता’त एक कुत्रा आहे. आमच्यासारख्यांनी कल्पनेने ऐकलेला नव्हे, चांगला छापील कुत्रा! मधल्या संथ भागात व्हायोलाच्या ओळीवर तो भुंकत असल्याचे स्वच्छ लिहून ठेवले आहे, आणि येथे गज जोराने, ओरबाडल्यासारखा ओढावा अशी वाजविणाऱ्याला ताकीदही आहे. एकटे व्हायोलिन म्हणजे झाडाखाली झोपलेला शेळ्या राखणारा गडी, बाकीची व्हायोलिने म्हणजे पानांची सळसळ, आणि दर मात्राचक्रात तोच तो दोनदा येणारा ठोसर स्वर म्हणजे धन्याजवळ बसलेले ते इमानी जनावर. चेलो आणि डबल बास या भागात गप्पच असतात. त्यामुळे भुंकणे अधिकच ऐकू येते.

सोवळ्या रसिकाला हे खपत नाही. तो म्हणतो, संगीताने संगीतच असावे. पक्षी, पाऊस, कुत्री-मांजरी यांची नक्कल करण्याची त्याला काय गरज? नकलाकाराला टाळ्या मिळतात, मान मिळत नाही. आक्षेप जुना आहे आणि अगदी टाकाऊ नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला तर त्यात एक वेगळीच गोम दिसते. नुसत्या तारांना गोष्ट सांगता येत असेल, तर शब्दांची मिरास गेलीच म्हणायची. आणि येत नसेल, तर त्या स्वरांपाशी शब्द लिहून ठेवावे लागले, ते कशाला?

व्हिवाल्डीने ते उघडपणे लिहून ठेवले. व्हेनिसचा हा लाल केसांचा पाद्री (जन्म १६७८, दीक्षा १७०३) तेथल्या पिएता या अनाथाश्रमातील मुलींना व्हायोलिन शिकवी. १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे बारा कॉन्चेर्तो छापून निघाले. संग्रहाचे नाव ‘स्वरमेळ आणि कल्पकता यांची झुंज’ अशा अर्थाचे आहे. त्यांतले पहिले चार म्हणजे चार ऋतू. प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत, आणि सुनीताच्या ओळींना दिलेली अक्षरे स्वरलिपीत नेमक्या जागी पुन्हा छापलेली, म्हणजे कोणती ओळ कोठे वाजते याचा बोटभरही घोटाळा नको! सुनीतांखाली कवीचे नाव नाही. ती त्याचीच असावीत असा पुष्कळांचा तर्क आहे. कविता म्हणून ती बेताचीच. परीक्षेच्या पेपरात आली असती तर उत्तीर्णापुरते गुण दिले असते.

पण त्यांच्यावर उभारलेले संगीत पाहा. ‘शरदा’त सुगीचा उत्सव आहे, दारू पिऊन झोकांड्या देणारा शेतकरी आहे, शिकारीत जीव सोडणारे जनावर आहे. ‘शिशिरा’त दात वाजतात, पाय आपटले जातात; मग मधल्या भागात एक माणूस शेकोटीपाशी निवांत बसला आहे आणि बाहेर पावसाचे थेंब पडताहेत. त्यासाठी बाकीची व्हायोलिने गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात. ही सगळी करामत तंतुवाद्यांची, आणि सोबतीला एक हार्प्सिकॉर्ड.

माझ्या मते चौघांत श्रेष्ठ ‘ग्रीष्म’. लोक ‘वसंता’वर लुब्ध होतात, होवोत बापडे. ‘ग्रीष्मा’त उन्हाने माणसे आणि गुरे मरगळली आहेत. कोकीळ ओरडतो, पारवा घुमतो, आणि मध्येच एकटे व्हायोलिन रडू लागते. ते मेंढपाळाच्या पोराचे रडणे आहे. आभाळ भरून येताना त्याने पाहिले आहे. संथ भागात त्याच्या अंगाभोवती माशा घोंगावतात आणि दुरून गडगडाट ऐकू येतो. शेवटी गारा कोसळतात, कणसे मोडून पडतात, आणि संगीत तेथेच संपते. दिलासा नाही की समारोप नाही. उभ्या पिकावर गारपीट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणाला समजावून सांगावे लागत नाही. येथे वादळाची नक्कल आहे हे खरे, पण वादळ ऐकण्यापूर्वी आपण त्या पोराचे रडणे ऐकले आहे. नक्कल आणि कथा यांच्यामधली भिंत तेथे पडते.

हा काही एकट्या व्हिवाल्डीचा चाळा नव्हे. त्याच्या आधी, १६७३ मध्ये, बीबरने ‘बताल्या’ रचून केवळ तारांवर लढाई उभी केली. पडघमाच्या आवाजासाठी खर्जाच्या वाद्याच्या तारांत कागद घालायला सांगितले; आणि छावणीतले शिपाई आपापली गाणी आपापल्या सुरात एकाच वेळी गातात असे दाखवून जो गोंगाट केला, तो ऐकून आजच्या श्रोत्यालाही रेकॉर्ड बिघडली की काय अशी शंका यावी. अखेर मात्र जखमी शिपायांचा विलाप आहे. टेलेमानने डॉन किहोटेवर एक तंतुवाद्यमाला केली. तीत पवनचक्क्यांवरचा हल्ला आहे, डुल्सिनेआसाठी टाकलेले सुस्कारे आहेत, सांचोला घोंगडीत घालून उडवतात तोही प्रसंग आहे. सरदाराचा घोडा आणि सांचोचे गाढव यांच्या चाली पाठोपाठ ऐकाव्यात. गाढव कोणते ते सांगावे लागत नाही.

तरीही सोवळ्या रसिकाचा प्रश्न उरतोच. ही सारी बाहेरची चित्रे झाली. जिच्यात काहीच आवाज होत नाही, अशी गोष्ट तारांना सांगता येईल काय?

१८९९ मध्ये पंचवीस वर्षांच्या शोएनबर्गने नेमकी अशीच गोष्ट निवडली. रिचर्ड डेमेल या जर्मन कवीची ती कविता. चांदण्या रात्री, पाने झडलेल्या थंड राईतून एक स्त्री आणि एक पुरुष चालले आहेत. स्त्री सांगते, माझ्या पोटात मूल आहे आणि ते तुझे नाही. सुखावरचा विश्वास उडाला होता, आयुष्याला काही अर्थ हवा होता, आई व्हावेसे वाटले, म्हणून परक्याला जवळ केले. आणि आता तू भेटलास, हा आयुष्याने घेतलेला सूडच. ती अडखळत चालत राहते. मग पुरुष बोलतो. या मुलाचे तू ओझे मानू नकोस, आपल्या दोघांतल्या उबेने ते माझे होईल, असे त्याचे म्हणणे. दोघे चालू लागतात. बस्स, एवढेच घडते. येथे कुत्रा नाही, वादळ नाही, तारांनी नक्कल करावी असे काहीच नाही.

‘रूपांतरित रात्र’ ही रचना प्रथम सहा वाद्यांसाठी होती: दोन व्हायोलिने, दोन व्हायोला, दोन चेलो. व्हिएन्नातल्या एका संगीतमंडळाने ती नाकारली. तिच्यातला एक स्वरमेळ पाठ्यपुस्तकांत बसत नव्हता म्हणे! १९०२ मध्ये ती तेथेच वाजविली गेली, १९१७ मध्ये शोएनबर्गने ती मोठ्या तंतुवृंदासाठी पुन्हा मांडली आणि १९४३ मध्ये तीवर आणखी हात फिरविला. कवितेची कडवी पाच, संगीताचे भागही पाच, मध्ये कोठे थांबणे नाही. सुरुवातीला खर्जात पावले पडतात, जड, खाली उतरत जाणारी. स्त्रीचे बोलणे सुरू झाले की सूर एका जागी ठरत नाहीत. वाक्य सुरू व्हावे आणि पुरे करायचा धीर होऊ नये, तसे. आणि पुरुष बोलतो तेथे सारा मेळ एकाएकी मोठ्या, उजळ स्वरात उघडतो. त्या जागी प्रत्येक वेळी माझ्या घशाशी काहीतरी येते. हे समीक्षेत बसत नाही, पण सदरात चालावे.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त म्हणून ठेवले आहे की, ज्यांना वाच्यार्थ मुळीच नाही अशा गाण्याच्या स्वरांतूनही रस व्यक्त होतो. ही रचना त्याला ऐकवायला हवी होती! व्हिवाल्डीच्या कुत्र्याला वाच्यार्थ आहे. तो नेमका कुत्राच. शोएनबर्गच्या त्या उजळ स्वराला नाही. तो ‘क्षमा’ म्हणत नाही, ‘मूल’ म्हणत नाही.

डेमेलने स्वतः ही रचना ऐकली आणि १९१२ मध्ये शोएनबर्गला पत्र पाठविले. आपल्या कवितेचा धागा संगीतात कोठे कसा येतो ते पाहायचे ठरवून तो बसला होता. पण लवकरच ते राहून गेले, इतका तो संगीतात गुंतला. कवीच आपली कविता विसरला! पुढे १९५० मध्ये शोएनबर्गने या रचनेवर टिपण लिहिले, तेव्हा तोही म्हणाला की हे शुद्ध संगीत म्हणूनही ऐकता येईल, आणि ज्या कवितेचा आज पुष्कळांना तिटकारा येईल तिचा मग विसरही पडेल.

येथे माझे त्याच्याशी जमत नाही. डेमेल विसरू शकला, कारण कविता त्याला तोंडपाठ होती. ज्याने ती वाचलेलीच नाही, त्याला या संगीतात अंधार ऐकू येईल, मग उजेड ऐकू येईल, आणि तेवढ्यानेही तो सुखावेल. पण तो उजेड आपोआप पडत नाही. एका माणसाला तो पाडावा लागतो. ती बोलून संपली आहे, आणि पुरुषाने अजून तोंड उघडलेले नाही. मधल्या त्या कडव्यात संगीत पुन्हा पहिल्याच पावलांवर येते, आता अधिक जड. त्या वेळी तो काहीही म्हणू शकला असता. १८९६ मध्ये छापलेल्या कवितेतला पुरुष आहे तो. त्याच्या काळच्या किती पुरुषांनी काय म्हटले असते, हे सांगायला इतिहासकार नको. कविता ठाऊक असलेला श्रोता त्या पावलांपाशी श्वास धरून बसतो. ठाऊक नसलेला पुढच्या सुरेल भागाची वाट पाहतो.