संवादकौशल्याच्या तासाला बाबासाहेब का नाहीत?



मी पदवीच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. आठवड्यातून दोनदा ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा तास असायचा. प्रत्येकाने पुढे येऊन तीन मिनिटे बोलायचे. आमच्याच बाजूच्या तालुक्यातली एक मुलगी उठली आणि तिने गावच्या पाण्यावर बोलायला घेतले. गावात नळ एक दिवसाआड आणि बौद्धवाड्यात पाचव्या दिवशी, असा तिचा मुद्दा. दुसऱ्याच वाक्याला मॅडमनी तिला अडवले. “पानी नाही गं, पाणी. पुन्हा म्हण.” वर्ग हसला. तिने पुन्हा म्हटले, पुन्हा ‘पानी’च आले. तिसऱ्या वेळी ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. बौद्धवाड्यात पाणी पाचव्या दिवशी का येते, हे त्या वर्गात कुणीच विचारले नाही. मीही नाही. आज याची लाज वाटते म्हणून आधीच सांगून टाकतो.

शुद्ध आणि अशुद्ध हे दोन शब्द आमच्या आज्याने पाणवठ्यावर ऐकले, आम्ही ते भाषेच्या तासाला ऐकतो. विदर्भ, खानदेश, मराठवाडा धरला तर ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणारी माणसे लाखांनी सापडतील. त्यांचे बोलणे एकमेकांना व्यवस्थित कळते. ते चुकीचे कुणी ठरवले? ज्यांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकात गेली त्यांनी. त्यांना परीक्षा घरीच पास झालेली मिळते, आम्हाला ती वर्गात, हसण्याच्या आवाजात द्यावी लागते. आणि बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते तेव्हा ते शिकू दिले नाही, त्यांना पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे ‘शुद्ध’ शिकायला गेलो तर दार बंद, आणि नाही शिकलो तर अशुद्ध!

आता हा विषय वाढतच जाणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी क्षमतावृद्धीच्या अभ्यासक्रमांना किमान 8 श्रेयांक दिलेले आहेत आणि त्यात भाषा व संवादकौशल्यावरच भर आहे. चांगली गोष्ट आहे. पण वर्गात शिकवतात काय? हस्तांदोलन कसे करावे, नजर कुठे ठेवावी, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला काय उत्तर द्यावे, स्लाइडवर किती ओळी असाव्यात. हे शिकू नका असे मी म्हणणार नाही. मुलाखतीला आपल्यालाही जायचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लेखीचे 1750 आणि मुलाखतीचे 275 गुण असतात, आणि यादीतला क्रमांक थोड्याशा गुणांनीही खालीवर होतो. टाय बांधायला शिका, इंग्रजी तर छाती ठोकून शिका. माझी तक्रार वेगळी आहे. साहेबापुढे कसे बोलावे एवढेच या तासाला शिकवले जाते. साहेब चुकत असेल तर त्याच्यापुढे कसे बोलावे, हे कुठल्याच सत्रात येत नाही.

बाबासाहेब कॉलेजात काय करत होते ते बघा. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय 25. परक्या देशात, परक्या भाषेत, गोऱ्या प्राध्यापकांपुढे हा मुलगा जातीची उत्पत्ती कशी झाली याचा स्वतःचा सिद्धांत मांडतो, आणि आधीच्या मोठमोठ्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासून त्यात काय कमी आहे ते दाखवतो. याला म्हणतात कॉलेजात बोलायला शिकणे.

पुढे 1946 मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. हिंदू कोड बिलासारख्या पेटलेल्या विषयावर बाबासाहेब स्वतः त्या पार्लमेंटमध्ये बोलले आहेत. देशाचा कायदामंत्री कॉलेजच्या पोरांच्या सभागृहाला सभागृह मानतो! आणि 1956 मध्ये, तब्येत खंगलेली असताना, राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी मुंबईत प्रशिक्षण शाळा सुरू केली. ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बंद पडली. तिची आठवण आपण जयंतीला किती वेळा काढतो?

पण वक्तृत्वाचा खरा धडा पाहायचा असेल तर 17 डिसेंबर 1946 चे संविधान सभेतले भाषण वाचा. परिस्थिती आठवा. मुंबई प्रांतातून त्यांना संविधान सभेत जाऊ दिले नव्हते, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने ते बंगालमधून निवडून आले होते. सभागृह काँग्रेसचे. चर्चेला होता नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव. बॅ. जयकरांनी दुरुस्ती सुचवली होती की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, आणि त्यावरून सभागृह त्यांच्यावर चिडलेले. अशा वेळी अध्यक्षांनी बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले. त्यांच्या आधी वीसेक नावे होती, आज आपली पाळी येईल असे त्यांना वाटलेही नव्हते.

त्यांनी काय केले? आधी ठरावाचे दोन तुकडे केले : वादाचा भाग आणि बिनवादाचा भाग. बिनवादाच्या भागावरही गुळमुळीत कौतुक केले नाही. हक्क लिहिलेत, पण ते मोडले तर दाद कुठे मागायची याचा पत्ता नाही, हे दाखवून दिले. मग देश एक राहील हा विश्वास आणि मजबूत केंद्राची बाजू मांडून सभागृहाला आपल्याकडे ओढले. ऐकायला तयार नसलेली माणसे ऐकू लागली, तेव्हा कुठे अवघड मुद्दा काढला. हा ठराव मंजूर करायचा हक्क तुम्हाला आहेच, पण तो आत्ता मंजूर करणे शहाणपणाचे आहे का? एडमंड बर्कचा उतारा त्यांनी तिथे वाचून दाखवला. बळाने माणसे काही काळ दबतात, पण पुन्हा पुन्हा दाबावी लागतात, असा त्याचा आशय. पुढे ठरावावरचे मतदान लांबले आणि तो 22 जानेवारी 1947 ला मंजूर झाला. विरोधी सभागृहात उभे राहून, एकही शिवी न देता आणि एकही मुद्दा न सोडता माणूस कसा बोलतो, हे त्या भाषणात ओळीओळीने दिसते. ते कुठल्या संवादकौशल्याच्या पुस्तकात धडा म्हणून लावले आहे? बाबासाहेबांचा फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि भाषण ग्रंथालयाच्या बंद कपाटात, हा खास आपल्या कॉलेजांचा रिवाज.

आता थोडे आपल्या माणसांबद्दल, राग आला तरी चालेल. कॉलेजने आपल्या पोरांना गप्प बसवले हे खरे, पण आपल्या मंचांनी त्यांना फक्त ओरडायला शिकवले हेही खरे आहे. 14 एप्रिलचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. पहिली दहा मिनिटे मंचावरच्या मान्यवरांची नावे, मग आवाजाची पट्टी वर, मग मोबाईलवर आलेले एखादे वाक्य बाबासाहेबांच्या नावावर, मग टाळ्या. समोर बसलेले सगळे आपलेच, आधीच पटलेले. ज्याला पटलेले नाही त्याच्यापुढे आपण उभेच राहत नाही. जलशांची, शाहिरीची परंपरा आपल्या रक्तात आहे असे म्हणून काही जण हा प्रश्न उडवून लावतात. अरे, भीमराव कर्डकांच्या जलशात विरोधकाचे म्हणणे पात्राच्या तोंडी यायचे आणि मग त्याला उत्तर मिळायचे. आपल्या भाषणात विरोधकाला तोंडच नसते.

याची किंमत काय असते ते मी तिसऱ्या वर्षाला पाहिले. शिष्यवृत्तीची रक्कम आली नव्हती आणि फी भरल्याशिवाय परीक्षा अर्ज घेणार नाही, असे कॉलेजने सांगितले. आम्ही साठेक पोरे कार्यालयापुढे जमलो. घोषणा झाल्या, घसा बसला. आतून निरोप आला, तिघे-चौघे आत या. आमचे जयंती गाजवणारे वक्ते आत गेले. समोरच्या साहेबांनी शांतपणे एकच विचारले, “कुठल्या नियमाने मागताय?” आमचा वक्ता मनुवादावर बोलू लागला. साहेब घड्याळ बघू लागले.

तेव्हा ती पाण्यावर बोललेली मुलगी पुढे झाली. तिच्या हातात शासन निर्णयाची प्रत होती, दोन ओळींखाली पेनाने रेघा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांना फीसाठी अडवू नये, असे त्या ओळींत होते. तिने त्या वाचल्या आणि म्हणाली, “सर, आमी फी माफ करा म्हनत नाही. ही रक्कम शासनाकडून कॉलेजला येनार आहे. अर्ज घेनार नसाल तर तसं लेखी द्या.” एवढेच. ‘ण’ एकही नव्हता. साहेबांनी कागद घेतला, दोनदा वाचला, फोन केला. दुसऱ्या दिवशीपासून अर्ज घेतले गेले. साठ पोरांचे वर्ष त्या चार वाक्यांनी वाचले.

म्हणून आम्ही काही जणांनी वसतिगृहाच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी बसायला सुरुवात केली आहे. जो बोलेल त्याने आधी तीन मिनिटे विरोधकाची बाजू मांडायची, आणि ती अशी की विरोधकाने ऐकली तर त्याला मान्य व्हावी. मग आपली. प्रत्येक दाव्याला हातात कागद हवा, नसेल तर तो दावा मागे. उच्चारावर कुणी हसले तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सुरुवातीला फार त्रास झाला. आरक्षणविरोधकाची बाजू नीट मांडता मांडता एक पोरगा रडकुंडीला आला, पण त्यानंतर त्याने जे उत्तर दिले तसे मी कुठल्या मंचावर ऐकलेले नाही. कॉलेजांनी पार्लमेंट पुन्हा सुरू करावी म्हणून प्राचार्यांना निवेदनेही देतो आहोत. दोन ठिकाणी ‘राजकीय विषय नकोत’ असे उत्तर मिळाले. निवेदन पुन्हा दिले आहे, यावेळी सिद्धार्थ कॉलेजचा दाखला जोडून.

येत्या रविवारी विषय आहे पुणे करार. पहिली तीन मिनिटे गांधीजींच्या बाजूने कोण बोलणार, ते अजून ठरायचे आहे.