तंबू ठोकण्याआधी एक तास

दुबई-शारजातल्या आईबाबांनो, थंडी पडली की आपण सगळे वाळवंटात कॅम्पिंगला पळतो. मागे काय राहतं? कोळसा, काचा, प्लास्टिकच्या पिशव्या. उडालेल्या पिशव्या उंट खातात, पोटात त्यांचा गोळा होतो आणि उंट मरतात.

घरी मदतनीस, बिल्डिंगमध्ये सफाईवाले. ‘कचरा उचलणं दुसऱ्याचं काम’ हे मुलं आपल्याकडूनच शिकतायत ना?

म्हणून पुढच्या वेळी उजेड असतानाच पोचा आणि तंबू ठोकण्याआधी एक तास सफाई करा. चार कुटुंबं पुरेत. जाड हातमोजे घ्या. काचा, कोळसा मोठ्यांनीच उचला. वाळूत काही पुरू नका, वारा सगळं उघडं पाडतो. भरलेल्या पिशव्या गाडीतून शहरातल्या कचराकुंडीपर्यंत न्या. फोटो नंतर! आधी आपण वाकू, मग मुलंही वाकतील.