मार्सियनचा आक्षेप आणि न्यायी देव

देव न्याय करतो आणि अपराधाचा सूड घेतो या ख्रिस्ती श्रद्धेवरचा सर्वांत धारदार आक्षेप बाहेरच्या टीकाकारांनी घेतलेला नाही; तो धर्मसभेच्या आतूनच उठला. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे बंदरातून रोमला आलेला मार्सियन हा धनाढ्य जहाजमालक इ.स. 144 मध्ये रोमच्या ख्रिस्तसभेपासून वेगळा झाला, आणि त्याने दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगी सभेने त्याला परत केली. त्याचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: जुन्या करारातला देव हा जग निर्माण करणारा, कायद्यावर बोट ठेवणारा आणि अपराध्याचा सूड घेणारा आहे, येशूने ज्याला पिता म्हटले तो देव केवळ दयाळू असून तो कोणावर रागावत नाही की कोणाला शिक्षा करीत नाही, म्हणून हे दोन देव वेगळे मानावेत आणि जुना करार टाकून द्यावा. या मताला धरून त्याने लूककृत शुभवर्तमान काटछाट करून घेतले, पौलाची दहा पत्रे ठेवली आणि बाकीचे सर्व बाजूला सारले. दोन देवांची कल्पना आज क्वचितच कोणी मांडते. परंतु येशूचे प्रेम हवे आणि देवाचा न्याय नको असे म्हणणारे भाविक पुष्कळ आहेत, आणि ते नकळत मार्सियनच्याच वाटेने चाललेले असतात.

हा पूर्वपक्ष हलका लेखण्यासारखा नाही. स्तोत्रसंहितेतील 137 वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांच्या रडण्याने सुरू होते आणि शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून संपते; ते वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याला न्यायाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. परंतु आक्षेप गंभीर असणे वेगळे आणि तो खरा असणे वेगळे.

मार्सियनने दोन करारांमध्ये ओढलेली रेघ मुळात ग्रंथांतच टिकत नाही. जुन्या करारातील योनाच्या पुस्तकात इस्राएलाचा वैरी असलेल्या अश्शूर राज्याचे निनवे हे शहर पश्चात्ताप करते, देव त्याला क्षमा करतो, आणि संदेष्टा मात्र ही क्षमा न सोसून देवाशी भांडतो; म्हणजे तेथे दया देवाची आहे आणि सूडाची भूक माणसाची आहे. डोळ्याबद्दल डोळा हा ज्याचा वारंवार दाखला दिला जातो तो नियमही त्याच्या संदर्भात वाचला पाहिजे. काइनाचा वंशज लामेख आपल्याला झालेल्या एका जखमेबद्दल सत्त्याहत्तर पट सूडाची बढाई मारतो, अशा जगात एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्याहून अधिक नाही, असे सांगणारा कायदा सूडाला कुंपण घालतो. नव्या करारात, उलटपक्षी, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेले हुतात्मे वेदीखालून देवाला विचारतात की आमच्या रक्ताचा न्याय तू कधी करणार, आणि त्यांना कोणीही दटावून गप्प करीत नाही.

कार्थेज येथील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मार्सियनविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातील एक मुद्दा असा की मार्सियनने स्वतः राखलेल्या शुभवर्तमानातही अन्यायी न्यायाधीश आणि विधवा यांचा दाखला उरलाच आहे: एक निराधार बाई न्यायाधीशाचा पिच्छा पुरवते, तो कंटाळून तिचा न्याय करतो, आणि त्यावरून येशू सांगतो की देव आपल्या लोकांचा न्याय केल्याखेरीज राहणार नाही. तर्तुलियनचा दुसरा युक्तिवाद याहूनही मूलगामी आहे. जो देव एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगतो, परंतु ती केल्यावर त्याला काहीच वाटत नाही, त्याच्या मनाईला अर्थ उरत नाही, आणि अशा देवाला चांगले म्हणणे म्हणजे चांगुलपणा आणि बेपर्वाई एकच मानणे होय. हा युक्तिवाद आजही अखंड उभा आहे.

जुना करार टाकून दिल्याने धर्म अधिक सौम्य होतो हा समजही इतिहासाला धरून नाही. 13 नोव्हेंबर 1933 रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात, नाझी विचारांच्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीच्या प्रचंड सभेत, राइनहोल्ड क्राउझे या पुढाऱ्याने जुना करार आणि त्यातील ‘यहुदी’ नीती धर्मातून काढून टाकण्याची जाहीर मागणी केली. पुढे यहुद्यांच्या वाट्याला काय आले ते सांगण्याची गरज नाही.

एवढे खंडन केल्यावर आपल्या बाजूचे दोषही उघड मांडले पाहिजेत. याच तर्तुलियनने सार्वजनिक खेळांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस, छळ करणारे राजे आणि अधिकारी आगीत जळताना पाहण्याचा आनंद रंगवला आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लॅक्टॅन्टियस या ख्रिस्ती लेखकाने छळकर्त्या सम्राटांच्या मरणांवर एक पुस्तक लिहिले, आणि 311 साली मेलेल्या सम्राट गॅलेरियसचे कुजणारे शरीर त्यात इतक्या चवीने वर्णिले की वाचकाला रोग्याची कीव यावी. हे ख्रिस्ती न्यायविचाराचे विकृत रूप आहे, आणि त्याचे खंडन येशूनेच आधी करून ठेवले आहे: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, हे त्याने ऐकणाऱ्यांना स्पष्ट बजावले. कोणाच्या रोगावर किंवा अपघातावर देवाच्या सूडाची चिठ्ठी चिकटवण्याचा अधिकार त्याने माणसाच्या हाती ठेवलेला नाही.

या सिद्धान्ताचे खरे मर्म पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. सूड घेणे हा देवाचा हक्क आहे, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आधाराने पौल सांगतो, ते मुळात माणसाने सूड घेऊ नये यासाठी. आणि लगेच शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला असे तो जोडतो. देवाचा सूड ही येथे माणसाला केलेली मनाई आहे. ही मनाई कशी अमलात येते याचे उदाहरण उत्तर आफ्रिकेत सापडते. हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन यांच्या प्रदेशात डोनेटिस्ट या फुटीर पंथाच्या टोळक्याने रेस्टिट्यूटस नावाच्या धर्मगुरूचा खून केला, आणि दुसऱ्या एका धर्मगुरूचा डोळा काढून बोट तोडले. आरोपींनी गुन्हा कबूल केल्यावर ऑगस्टिन यांनी न्यायाधिकारी मार्सेलिनस यांना पत्र लिहून विनवले की या माणसांना ठार करू नका आणि त्यांचे अवयव तोडू नका, केवळ त्यांचे हात पुन्हा दुष्कर्माला लागणार नाहीत एवढे पाहा. याच ऑगस्टिन यांनी पंथभेद मोडण्यासाठी सरकारी सक्तीचे समर्थन केले, हे नाकारता येत नाही; परंतु ते समर्थन या पत्रातील तत्त्वाशी विसंगत आहे.

गोव्यात 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, चाललेल्या इन्क्विझिशनचा दाखला आक्षेपक देतील, आणि तो द्यावाच. ज्या धर्मन्यायालयाने श्रद्धेच्या नावाखाली नवख्रिस्ती कुटुंबांची झडती घेतली, त्यांच्यावर खटले चालवले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली, त्याने देवाचा राखीव अधिकार बळकावला. त्या न्यायालयाचा धिक्कार पौलाच्या त्याच अध्यायाच्या आधारे करता येतो. मार्सियनच्या देवाच्या आधारे करता येत नाही, कारण त्या देवाला त्या कुटुंबांच्या आक्रोशाबद्दल विचारण्यासारखे काहीच नव्हते.

क्रोएशियात जन्मलेले धर्मशास्त्रज्ञ मिरोस्लाव व्होल्फ यांनी युगोस्लाव्हियातील युद्ध पाहून 1996 साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला: ज्याचे गाव जळाले त्याने शस्त्र न उचलता राहावयाचे असेल, तर न्याय करणारा दुसरा कोणी आहे हा भरवसा त्याला लागतो. ख्रिस्ती श्रद्धा त्यात आणखी एक गोष्ट सांगते, ती म्हणजे न्यायाधीश स्वतःच क्रूसावर आरोपीच्या जागी उभा राहिला. त्यामुळे क्षमा ही अपराधाकडे केलेली डोळेझाक ठरत नाही आणि शिक्षा ही रागाची लहर उरत नाही.

म्हणूनच 1971 साली कॅथलिक सभेच्या सुधारलेल्या नित्यप्रार्थनेतून 58, 83 आणि 109 ही शापवाणीची स्तोत्रे वगळली गेली, आणि 137 व्या स्तोत्राची शेवटची कडवी कापली गेली, तो निर्णय बरोबर मानता येत नाही. त्यामागचा हेतू प्रार्थना करणाऱ्यांचे मन दुखू नये हा होता; परंतु ज्यांचे मन आधीच दुखावलेले आहे, ज्यांच्या मुलीचा खून झाला किंवा ज्यांची जमीन लुबाडली गेली, त्यांच्या तोंडचे शब्दही त्याबरोबर गेले. नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी जुलै 1937 मध्ये, आपल्या सहकारी पाळकांची धरपकड चालू असताना, याच 58 व्या स्तोत्रावर प्रवचन केले आणि ही सूडाची मागणी पूर्णपणे देवाच्या स्वाधीन करण्याची प्रार्थना आहे असे सांगितले. ती तीन स्तोत्रे प्रार्थनेत परत घेतली पाहिजेत.