अमावास्येचा उजेड

अमावास्येच्या रात्री नांदेड-लातूरच्या शिवारात आकाश काळेकुट्ट असते, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. दिवसा सूर्यकिरणांनी विलग झालेले आयन आणि इलेक्ट्रॉन रात्री पुन्हा जुळतात, आणि सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंतून ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाझरतो. डोळ्यांना तो दिसत नाही. योग्य गाळणी लावलेल्या, साऱ्या आकाशाचे चित्र एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतो.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ व भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या अभ्यासकांनी अशी निरीक्षणे केली आहेत. या दीप्तीत कधीकधी काळे पट्टे उमटतात. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याकडे तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ, आयनांबराच्या तळाशी विरळ वायूचे बुडबुडे उठतात, वर चढतात आणि चुंबकीय बलरेषांच्या वाटेने उत्तरेस व दक्षिणेस पसरतात. लागोपाठच्या चित्रांत पट्टा किती सरकला हे मोजले की वेग हाती येतो: पूर्वेकडे सेकंदाला साधारणपणे १०० ते १५० मीटर, उत्तररात्री मंदावणारा. बुडबुडा जितका उंच चढेल, तितकी त्याची मजल लांब. तेव्हा कोल्हापूरच्या उत्तरेस दीड-अडीच अंशांवरील लातूर-नांदेडपर्यंत कोणते पट्टे पोहोचतात, हा पाहण्याजोगा प्रश्न आहे. उपग्रहांचे संदेश विस्कळीत करणारे हेच बुडबुडे होत. त्यामुळे ही निव्वळ हौस नव्हे.

हे बुडबुडे विषुवदिनांच्या सुमारास अधिक आढळतात. सप्टेंबरात ढग, उरतात मार्च-एप्रिलच्या निश्चंद्र रात्री. आणि नेमक्या त्याच दिवसांत लातूरची मुले दिव्याखाली मान घालून परीक्षेची उत्तरे घोकत असतात! 'लातूर पॅटर्न'ने शेकडो घरांत डॉक्टर-इंजिनिअर दिले, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु ऑक्सिजनच्या वर्णपटावरील प्रश्न अचूक सोडविणाऱ्या विद्यार्थ्याने तो प्रकाश डोक्यावर आहे हे कधी ऐकलेलेच नसावे, याला शिक्षण म्हणावे काय? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरविला. तिथे काम करणारी मुले कोठून येणार?

परीक्षा बुडवा, असे आमचे म्हणणे नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या जाचातून दोन रात्री मोकळ्या मिळाव्यात, प्रकल्प म्हणून एका रात्रीची चित्रे हाती द्यावीत आणि पट्ट्याचा वेग त्यांनी स्वतः फूटपट्टीने मोजावा. गावाबाहेरच्या दिव्यांना वरून झाकण बसविण्याचे काम नगरपालिकेचे आहे.