मिस्त्री रजेवर गेले म्हणजे

कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवेवर जी पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे, तिच्यात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी कामाला जाते. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना तिथे आहे, कापडाच्या गिरण्या आहेत, बिडाचे ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आहेत. घरी आई-वडिलांना मुलाचा पगार ठाऊक असतो, पाळी ठाऊक असते, डब्याची वेळ तर तोंडपाठ असते. पण तो तिथे नेमके काय शिकतो, आणि शिकलेले कुठे साठते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज तेवढेच विचारू या.

उदाहरण फौंड्रीचे घेऊ. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी ज्या कोल्हापुरात यंत्रांचा धंदा रुजवला, तिथे ते शोभूनही दिसेल. फौंड्रीत वाळूचा साचा करतात आणि १३०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला बिडाचा रस त्यात ओततात. साच्याची वाळू म्हणजे नुसती वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाईट नावाची चिकण माती असते, कोळशाची भुकटी असते आणि साधारण तीन-चार टक्के पाणी असते. पाणी जास्त झाले की रस पडताच त्याची वाफ होते आणि ओतीव मालात पोकळ्या राहतात. कमी झाले की साचा भुसभुशीत होतो आणि वाळूचे कण रसात मिसळतात. त्यातून तीच वाळू पुन्हापुन्हा वापरायची असते. ती गरम असतानाच परत आली, तर घातलेले पाणी साचा होईपर्यंत उडून जाते.

आता खरी मेख ऐका. पोकळी पुष्कळदा वरून दिसत नाही. माल बाहेरून गुळगुळीत दिसतो, यंत्रावर चढतो, त्याला भोक पाडताना आतली पोकळी उघडी पडते. म्हणजे वीज गेली, मजुरी गेली, हत्यारांची धार गेली आणि तो नग पुन्हा भट्टीत गेला.

वाळूचे पाणी मोजायची साधने आज आहेत. तरीही जुना मिस्त्री येतो, मूठभर वाळू घेतो, दाबतो, तो गोळा मधोमध मोडतो, मोडलेली कड पाहतो आणि म्हणतो, "आणखी थोडं फिरवा." तो मिस्त्री मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेला की बाद मालाचा ढीग वाढतो. यंत्रे तीच, वाळू तीच, माणसेही तीच. मग गेले काय? मिस्त्रींच्या मुठीत जे होते ते गेले.

आपल्याला हे नवे नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. तापमापक लावला तर आकडा ११८ अंशांच्या आसपास भरतो. पण ऊस कोणत्या जमिनीचा, रस खारट आहे का, चुना किती पडला, यावर तो थोडा अलीकडे-पलीकडे का करतो, हे त्याला विचाराल तर म्हणेल, "ते हाताला कळतं."

हाताला कळते ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून काढूनच घेता येत नाही असे मात्र नाही. जपानमधल्या ओसाकाची मात्सुशिता ही कंपनी १९८५च्या सुमारास घरगुती पाव करण्याचे यंत्र बनवीत होती. पाव काही जमेना. वरून करपे, आत कच्चा राही. तेव्हा इकुको तनाका नावाच्या त्यांच्या एका तंत्रज्ञ बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिल्या. बारकाईने पाहता त्यांच्या लक्षात आले, की तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पिळतोही. त्याप्रमाणे यंत्राच्या भांड्यात आतून उंचवटे बसवले आणि १९८७ साली ते यंत्र बाजारात आले. आमच्या भगिनी यावर हसतील. कणीक तिंबण्यात हात कसा फिरतो हे कळायला हॉटेलात जाऊन राहावे लागले! पण बाई वही-पेन्सिल घेऊन सवाल विचारीत बसल्या नाहीत. शेजारी उभ्या राहून त्यांनी काम केले, यातच सारे आले.

आपल्याकडे उलटे होते. कचेरीत कोणीतरी खुर्चीवर बसून कामाची पद्धत इंग्रजीत लिहितो, तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून यंत्राशेजारी टांगतात, आणि तपासनीस यायच्या आदल्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसतात. साच्यावर काम करणारा पोरगा सांगावचा असो की बिहारचा, त्याच्या उपयोगाचा तो कागद नव्हे. कागद मिस्त्री आणि पोरगा या दोघांनी मिळून केला पाहिजे, त्यांच्या बोलीत, चित्रे काढून. आणि त्याच्या शेजारी एक चांगला नग व एक पोकळी पडलेला, मधोमध कापलेला नग ठेवला पाहिजे. कापलेला नग जे सांगतो ते दहा पानांत मावत नाही.

टोयोटा कारखान्याचे ताइइची ओनो यांची रीतही सांगण्याजोगी आहे. यंत्र बंद पडले की ते पाच वेळा 'का' विचारायला लावीत. फ्यूज का उडाला? भार जास्त झाला. का? बेअरिंगला तेल पुरले नाही. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? जाळी नसल्यामुळे लोखंडाचा कीस आत गेला होता. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा बंद पडले असते. विहिरीवरची मोटर जळाली की आपण ती गुंडाळून आणतो, महिन्याने ती पुन्हा जळते आणि आपण पुन्हा गुंडाळून आणतो. पहिल्या 'का'वरच थांबायची आपली सवय जुनी आहे.

एवढे असूनही मिस्त्री सांगत का नाहीत? त्याला आडमुठेपणा म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्याच्या जवळ पदवी नाही, त्याची सगळी पत त्या मुठीत असते. ती एकदा कागदावर उतरली, की उद्या कमी पगाराचा कंत्राटी पोरगा आपल्या जागी उभा राहील, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून त्याच्या नोकरीची हमी आधी हवी, कागदावर त्याचे नाव हवे, आणि शिकवण्याच्या कामाचे वेगळे पैसे हवेत. शिकणारा पोरगा दर काही महिन्यांनी बदलत असेल तर मिस्त्रींनी तरी कितीदा जीव पाखडावा?

घरच्यांनी एक करावे. मुलगा कामावरून आला की "आज काय बिघडलं आणि ते कसं निस्तरलं?" एवढे विचारावे. कारखान्याचे नकाशे किंवा फोटो घरी आणायचे नसतात, पण स्वतः काय शिकलो हे त्याने स्वतःच्या वहीत जरूर लिहावे. उद्या कंत्राट संपले तर दुसऱ्या दारात त्याच्या कामी येईल ते हेच.

आणि कारखानदारांसाठी एक गोष्ट. एका पाळीने दुसऱ्या पाळीला काय सांगायचे त्याची नोंदवही बहुतेक ठिकाणी असते, पण तिच्यात 'सर्व ठीक' एवढेच लिहिलेले असते. कारण भोंगा झाला की फाटकाशी बस उभी असते, आणि ती चुकली तर गावापर्यंत दुसरी सोय नसते. वाळू आज गरम येत होती, हे येणाऱ्याला सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे पगारात धरायची की नाही, आणि तेवढा वेळ बस थांबवायची की नाही, हे बसच्या चालकाला ठरवता येत नाही. ते कचेरीत ठरते.